राखेच्या खड्ड्यातला जबडा

गिवात-हाबार
११ ऑक्टोबर २०१८

नेखामा,

मायना काय लिहावा यात सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं, खोडलं, कागद बदलला. शेवटी नुसतं नाव लिहिलंय. वर्गात मी मुलांना सांगायचो की पत्राचा मायना म्हणजे दारावरची थाप. माझी थाप ऐकून तू दार उघडशील असं मी धरून चाललेलो नाही.

पत्ता तुझ्या भाचीने दिला. विनिपेगला आत्ताच बर्फ पडायला लागलाय म्हणाली. इथे अंजिरं संपत आलीत, डाळिंबं फुटून झाडावरच वाळताहेत. तुला डाळिंब सोलायचा कंटाळा होता, म्हणून मी सोलून दाणे टोपीत भरून द्यायचो. तुला आठवत नसेल.

चोवीस वर्षांनी लिहायचं कारण सांगतो. गेल्या आठवड्यात एक बाई घरी आल्या. डॉ. ओफ्रा. वयाने माझ्या मुलीएवढ्या. खिर्बेत हजलच्या उत्खननाचा शेवटचा खंड पन्नास वर्षं रखडलाय, तो पुरा करायचं काम आता त्यांच्या गळ्यात पडलंय. दारातच म्हणाल्या, "तुम्हीच ना एल्याकीम सर? 'समुद्राची लेक' लिहिणारे? चौथीत पाठ होती आम्हाला!" आणि पायरीवर उभ्या राहून त्यांनी म्हणून दाखवली -

समुद्राची लेक आली डोंगराच्या घरा,
ओच्यामध्ये मीठ आणि डोळ्यांमध्ये झरा...

मी खूश झालो, लपवत नाही. कॉफीत वेलची जास्त पडली.

त्यांना माझी रोजनिशी हवी होती. त्या टेकडीवर खणताना रोज काय निघालं, कुठला खड्डा उघडा, कुठला झाकलेला, ते मीच लिहायचो ना. त्या मला समजावून सांगत होत्या, जणू मी तिथे नव्हतोच: "सर, तीन हजार वर्षांपूर्वी आपले इस्राएली पूर्वज या डोंगरात पहिली घरं बांधत होते. त्यांच्या उकिरड्यात शेळ्यामेंढ्यांची हाडं मिळतात, बैलांची मिळतात. डुकराचं नाही, ते आपल्या धर्माला निषिद्ध. खाली किनाऱ्यावरच्या लोकांकडे मात्र डुकरंच डुकरं. म्हणून इथे मिळालेला तो एक जबडा एवढा गाजला." मी मान डोलावत राहिलो.

मग त्यांनी तळटीप वाचून दाखवली. खड्डा क्रमांक एक्केचाळीसमधला डुकराचा जबडा आधुनिक काळातला असून उत्खनन करणाऱ्यांपैकीच कोणीतरी तो तिथे ठेवला असावा.

"कोणीतरी म्हणजे?"

"सर, तो खड्डा कोणी खणला ते पुढच्याच ओळीत आहे."

पुढच्या ओळीत तुझं नाव आहे, नेखामा.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ठेवला कशाला म्हणायचं, एखाद्या कामगाराचं जेवण असेल. वरच्या ख्रिस्ती गावातला जिरीस होता, त्याच्या डब्यात असायचं असलं काहीबाही. बाईंनी ते लिहून घेतलं. तुझ्या नावावरचा डाग जावा एवढाच माझा हेतू होता. बिचारा जिरीस जाऊनही आता तीस वर्षं होतील, त्याला काय फरक पडतो!

तुझं यावर काय म्हणणं आहे ते कळव. बर्फात जपून चाल.

एल्याकीम


६ नोव्हेंबर २०१८

नेखामा,

तुझं कार्ड आलं. मागे गोठलेल्या नदीचं चित्र, पुढे दोन वाक्यं. "जिरीसला मध्ये आणू नकोस. तुझं तू बघ."

दोन दिवस ते मेजावर ठेवून त्याच्याभोवती फिरत होतो. मिरा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, त्यामुळे कार्डाशीच बोललो. तुझं तू बघ. एवढ्या लांबून बरोबर नेम धरलास.

बघतो.

१९६९चा उन्हाळा. हंगामाचा शेवटचा दिवस, शुक्रवार. पहाटे पाचपासून खणत होतो. एक्केचाळीस नंबरचा राखेचा खड्डा आपण पद्धतीप्रमाणे मधोमध कापला होता. दक्षिणेकडचा अर्धा खणून झालेला, उत्तरेकडचा अर्धा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेला, कापलेल्या केकसारखा उभा. साडेआठला तुम्ही सगळे न्याहारीला खाली छावणीत गेलात. मला रोजनिशी पुरी करायची होती, म्हणून मी मागे राहिलो. जिरीसही राहिला, कारण त्याचा डबा तो सगळ्यांसमोर उघडत नसे.

जिरीस, अबू-हन्ना. पन्नाशीचा, कुदळीचा उस्ताद. कुदळीच्या टोकाने दिव्याची काजळी खरवडून काढील असा हात. मला तो 'उस्ताज' म्हणायचा, मास्तर. आदल्या दिवशी त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं होतं. पत्र्याचा डबा उघडला आणि वासानेच मला पढवलेले सगळे संस्कार उडून गेले.

"काय आहे, अबू-हन्ना?"

"पांढरं मांस," तो म्हणाला. सगळेच तसं म्हणतात, नाव कोणी घेत नाही. "पिल्लाचं डोकं. नवऱ्या मुलीच्या बापाचा मान."

"चव कशी असते?"

"उस्ताज, तू परवा मला झऱ्यावरची कविता म्हणून दाखवलीस. मी विचारलं का, पाणी कसं लागतं? जाऊन प्यायलो."

मी खाल्लं, नेखामा. गालाचा तुकडा. मग दुसरा. जबड्यापासून सुटत नव्हता म्हणून हाडच हातात घेतलं. चोवीस वर्षांचा होतो, बाप गावातला कसाई-धर्माधिकारी, धर्माच्या नियमाने जनावरं कापणारा, उत्खननाच्या स्वयंपाकघराचं सोवळं सांभाळणारा. त्यांच्या सहीच्या कागदाशिवाय तिथे कांदा चिरला जात नसे. आणि मी त्यांचा मुलगा, त्या थोर पूर्वजांच्या घराच्या कोपऱ्यात बसून डुकराचा जबडा चोखत होतो.

तेवढ्यात जिरीस म्हणाला, "तुझा बाप येतोय."

अब्बा पायवाटेने वर येत होते. हातात उकडलेल्या अंड्यांची परडी. मुलगा उपाशी राहिला म्हणून स्वतः घेऊन आलेले.

"लपव! लपव ना!"

"मी कशाला लपवू?" जिरीस शांतपणे पाव तोडत होता. "माझ्या डब्यात आहे ते माझं. तुझ्या हातात आहे ते तुझं."

मी जबडा उत्तरेकडच्या उभ्या राखेत खुपसला. राख पिठासारखी मऊ होती, कोपरापर्यंत हात आत गेला. वरून मूठभर राख, थापून सारखं केलं. अब्बा आले तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसलो होतो.

"बोटं का चिकट रे?"

"ऑलिव्हचं तेल, अब्बा."

त्यांनी अंडं सोलून हातात दिलं. माझ्याबरोबर आशीर्वादाचे शब्द म्हटले. मी आमेन म्हटलं आणि ते अंडं त्या चवीवर गिळलं. जिरीसने तोंड दुसरीकडे फिरवलं. हसत होता की लाज वाटत होती, कळलं नाही.

अर्ध्या तासाने तुम्ही वर आलात. हंगाम संपल्यामुळे सगळे खड्डे पोत्यांनी झाकून वर माती ओढायची होती. एक्केचाळीसवर मातीची शेवटची पाटी मी स्वतः टाकली. रविवारी येऊन काढू असं ठरवलं होतं. रविवारी सैन्यातून बोलावणं आलं, मग नोकरी लागली, मग मिराशी लग्न ठरलं. आणि मग, खरं सांगू, विसरलो. माणूस इतकं मोठं पाप इतक्या सहज विसरू शकतो हे मी शाळेत कधी मुलांना सांगितलं नाही.

थकलो. पुढचं पुढच्या पत्रात.

एल्याकीम


१९ नोव्हेंबर २०१८

नेखामा,

उत्तर नाही. बरोबर आहे, गोष्ट अर्धी ठेवून मीच उठलो होतो.

१९७०. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसल्यामुळे मी चार दिवस उशिरा टेकडीवर पोचलो. तू खड्ड्यातून वर येत होतीस. केसांत राख, भुवयांवर राख, दात तेवढे पांढरे. मला पाहून ओरडलीस, "एल्याकीम, ही माणसं डुकरं खायची!"

तुझ्या तळहातावर तो जबडा होता. वर्षभर राखेत राहून तीन हजार वर्षं जुना दिसत होता. मी ओळखला. दाढेजवळ जिरीसच्या सुरीचा कापही होता.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. जीभ उचलत होती. पण तू नाचत होतीस, अक्षरशः, फावडं हातात घेऊन. आणि बाजूला अब्बा परडी घेऊन उभे होते. नाक मुरडून म्हणाले, "शी! मग हे आपले पूर्वज नव्हेतच."

तू म्हणालीस, "तेच तर विचारतेय, काका! मग कोण होते हे?"

अब्बा चिडले. "कोण होते ते मी कशाला शोधू? माझे मला ठाऊक आहेत!" सगळे हसले. माझी वेळ टळली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मला कमी लाज वाटली असती. दुपारी आपण टबाजवळ बसून खापरं धूत होतो. आधी नुसती पाण्यात बुडवायची, शाईची अक्षरं नाहीत ना पाहायचं, मग ब्रश. तू सगळ्यांना किती ओरडायचीस त्यावरून! आणि तू स्वतःशीच म्हणत होतीस, सगळी घरं डोंगरातल्यासारखी, सगळे रांजण डोंगरातल्यासारखे, मग हे एकच हाड कुठून आलं?

मी गप्प बसू शकलो असतो. मला कुठली तरी कविता सुचत होती, ऊन होतं, तू ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारत होतीस. मी म्हटलं, "एखादी सून असेल."

"काय?"

"किनाऱ्यावरून लग्न होऊन आलेली. सासरी ते खात नाहीत. पण पहिलटकरीण असेल, डोहाळे लागले असतील. नवऱ्याने चोरून आणून दिलं असेल. मग सासूच्या भीतीने हाड राखेत पुरलं."

तुझा ब्रश थांबला. "पुन्हा म्हण," म्हणालीस. तुझ्या आवाजात तेव्हा जे होतं ते मला जन्मभर पुन्हा कोणी दिलं नाही, मिरानेसुद्धा नाही. मी पुन्हा म्हटलं. जास्त रंगवून म्हटलं.

त्यातून तुझा प्रबंध उभा राहिला. डोंगरातले आणि किनाऱ्यावरचे एकमेकांत लग्नं करत होते, पूर्वज म्हणजे एकाच रक्ताचा कळप नव्हता, हे तू त्या जबड्यावरून मांडलंस. तुला विद्यापीठात जागा मिळाली, लोक वाद घालायला लांबून यायचे. आणि त्यातूनच माझी कविता निघाली. बहात्तर साली शाळेच्या अंकात आली, मग क्रमिक पुस्तकात. एक पिढी ती पाठ करून मोठी झाली. त्या सुनेचे डोहाळे म्हणजे माझीच भूक होती, हे फक्त मला आणि जिरीसला ठाऊक. जिरीसने एकदाच विषय काढला. मुलांचं संमेलन ऐकायला आला होता. बाहेर पडताना म्हणाला, "छान आहे कविता, उस्ताज. पण त्या पोरीच्या नावावर तू आपलं बिल का फाडतोस?" मी म्हटलं, पुढे केव्हातरी सांगीन. तो म्हणाला, "केव्हातरी नावाचा वार आमच्या गावात नाही."

आता चौऱ्याण्णव. यातलं अर्धं तुला माहीत आहे, तू दाराबाहेर जिन्यावर होतीस. आतलं सांगतो.

चौकशी समितीचे तीन प्राध्यापक. मेजावर प्लास्टिकच्या ताटलीत जबडा, एक दाढ काढलेली. त्यांनी ती परदेशी प्रयोगशाळेत पाठवली होती. मधले म्हणाले, "सर, हे जनावर अणुबाँबच्या चाचण्या सुरू झाल्यानंतर जन्मलंय. हवेतला किरणोत्सारी अंश हाडात उतरतो. म्हणजे पन्नास सालानंतरचं." मग त्यांनी माझी रोजनिशी पुढे केली. "तुमच्या अक्षरात आहे: खड्डा एक्केचाळीस, उत्तरेकडचा अर्धा अस्पर्श, झाकून बंद. सत्तर साली डॉ. नेखामांनी झाकण काढेपर्यंत तो तसाच होता?"

नेखामा, त्या प्रश्नाचा अर्थ मला कळत होता. खड्डा बंद होता म्हटलं, तर जबडा ठेवणारी तूच.

अब्बा जाऊन तेरा वर्षं झाली होती. मग कोणाला घाबरत होतो? मी तेव्हा शाळेचा मुख्याध्यापक होतो. माझ्या लेकीचं, यिस्काचं लग्न एका रब्बीच्या घरात ठरत होतं. आणि, हे मी आत्तापर्यंत स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही, कवितेचं भय होतं. ती खोट्यावर उभी आहे हे कळलं तर माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. पन्नास वर्षांत मी एकच चांगली गोष्ट लिहिली होती.

मी म्हटलं, "लिहिलंय तसंच. कोणी हात लावला नव्हता."

एक म्हणाले, "नक्की?"

"नक्की."

बाहेर आलो. तू उठून उभी राहिलीस. एवढंच विचारलंस, "खड्डा खरंच बंद होता का रे?"

मी म्हटलं, "रोजनिशीत आहे तसंच."

"रोजनिशी तूच लिहिलीस," असं म्हणून तू जिना उतरून गेलीस. तुझ्या पायातल्या चपलांचा आवाज चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत ऐकू आला.

ओफ्राबाईंना काल हे सगळं सांगितलं. सही करून दिलं. जिरीसचं नाव खोडायला लावलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "सर, मी ती कविता माझ्या मुलीला शिकवलीय हो." तळटीप बदलणार आहेत. तुझं नाव जाईल, माझं येईल.

क्षमा मागत नाही. मागायचा हक्क कुठल्या दुकानात मिळतो, ठाऊक नाही.

एल्याकीम


१४ जानेवारी २०१९

नेखामा,

चार पानं! तुझं अक्षर अजून तसंच, उजवीकडे झुकलेलं, घाईत असल्यासारखं.

म्हणजे तुला जिन्यावरच कळलं होतं. माझे कान लाल झाले होते म्हणतेस. शाळेतली पोरंही म्हणायची, सर खोटं बोलले की कानांवरून कळतं. मग आत जाऊन का नाही सांगितलंस, असं मी विचारणार होतो, पण तू आधीच लिहिलंयस. पुरावा नव्हता. आणि कोणाच्या तरी जेवणातलं हाड आहे म्हटलं असतं, तर त्यांनी पहिलं नाव जिरीसचं घेतलं असतं, आणि मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावता येत नाही. तू नोकरी सोडलीस आणि शाळेच्या ग्रंथालयात पंधरा वर्षं पुस्तकांच्या पाठींवर आकडे चिकटवलेस, पण त्याचं नाव घेतलं नाहीस. मी दुसऱ्याच पत्रात, छे, पहिल्याच पत्रात घेतलं.

प्रबंधाबद्दल लिहिलंस ते तीनदा वाचलं. "मी बरोबर होते की चूक, हे आता कधीच कळणार नाही. चुकीच्या हाडावरून बरोबर बोलले असेन, तरी कोण ऐकणार? डोंगर आणि किनाऱ्यातल्या लग्नांचं नाव काढलं की लोक डुक्कर आठवून पुढे जातात." याचा मी विचारच केला नव्हता. मी समजत होतो तुझी नोकरी गेली. तुझा प्रश्नच गेला.

आणि तुझी अट. "तळटीप कोणी वाचत नाही. खंड निघेल तेव्हा तुझ्या गावात, तुझ्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहा आणि तोंडाने सांग. मग ते काय म्हणाले ते मला जसंच्या तसं लिही. कविता नको."

कबूल. समारंभ सात मार्चला आहे, गावच्या सभागृहात. ओफ्राबाईंना कळवलंय, दहा मिनिटं मला हवीत.

झोप कमी झालीय. डोळ्यांसमोर एकेक चेहरा येतो. प्रार्थनागृहात माझ्या शेजारी बसणारा शेमाया, त्याने जागा बदलली तर? यिस्काचे सासरचे? माझे विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, त्यांच्या मुलांना काय सांगतील? अब्बांच्या थडग्यावरचा दगड उलटा झाल्याचं स्वप्न पडलं परवा. शहाण्णव वर्षांची म्हातारी बेराखा अजून आहे, तिला अब्बांनी विधीप्रमाणे कापून दिलेली कोंबडी आठवते. ती काठी घेऊन येईल.

येऊ दे. येऊ देत सगळे.

एल्याकीम


८ मार्च २०१९

नेखामा,

हे पत्र काल रात्रीच लिहिलं होतं. सकाळी फाडलं. त्यात मी लिहिलं होतं की सभागृह सुन्न झालं, कोणी पापणी हलवली नाही, म्हातारी बेराखा रडली. चांगलं लिहिलं होतं. तू जसंच्या तसं मागितलं होतंस, म्हणून पुन्हा लिहितो.

ऐंशीएक माणसं होती. शेमाया पहिल्या रांगेत. यिस्का नवऱ्याला घेऊन आली होती. बेराखाला दोघांनी धरून आणलं. शेवटच्या रांगेत जिरीसचा मुलगा हन्ना बसला होता. मी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तोही आता सत्तरीला आला. ओफ्राबाईंनी खंडाबद्दल सांगितलं, दोन तरुण प्राध्यापक बोलले, मग माझं नाव घेतलं.

मी कागद नेला नव्हता. डबा सांगितला, पिल्लाचं डोकं सांगितलं, हात कोपरापर्यंत राखेत घातला ते सांगितलं. अब्बांनी अंडं सोलून दिलं आणि मी आमेन म्हणून ते गिळलं, इथे आलो आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबलो. त्या थांबण्याने बांध फुटला. सगळं सभागृह हसायला लागलं.

मला वाटलं, कळलं नसेल. आवाज चढवून म्हटलं, "मी धार्मिक शाळेतल्या मुलांना पस्तीस वर्षं शिकवलं, आणि मी डुक्कर खाल्लं होतं!"

अमित्साई उठला. तुला माहीत नाही, माझा विद्यार्थी, आता दंतवैद्य आहे. म्हणाला, "सर, चव कशी होती ते तरी सांगा!" पुन्हा हशा. बेराखा ऐकू येत नाही म्हणून शेजारणीला विचारत होती, "काय खाल्लं? काय खाल्लं?" आणि कळल्यावर तिने पदराआड, म्हणजे रुमालाआड, तोंड लपवलं. खांदे हलत होते. गावचे रब्बी डोळे पुसत म्हणाले, "एल्याकीम, त्यानंतर वर्षाला एक असे पन्नास प्रायश्चित्ताचे दिवस येऊन गेले की. डुक्करसुद्धा स्वर्गात पोचलं असेल!" शेमायाने माझ्या जागेवरची टोपी उचलून मला जागा करून दिली.

मी तसाच उभा होतो. म्हटलं, "ऐका. यात एका बाईची नोकरी गेली. डॉ. नेखामा. मी चौऱ्याण्णव साली खोटी साक्ष दिली म्हणून. नेखामा तिचं नाव." तुझं नाव मी तीनदा घेतलं. मोजलं होतं. समोर कोणीतरी "अरेरे" म्हणालं. एक तरुण प्राध्यापक समजूतदारपणे म्हणाले, "त्या काळी एका हाडावर फार मोठे इमले बांधायचे लोक. आता असं होत नाही." यिस्का कुजबुजली, "बाबा, बसा आता, कॉफी थंड होतेय." मग खुर्च्या सरकल्या आणि सगळे केकच्या टेबलाकडे गेले.

कोणी जागा बदलली नाही. कोणी नातं तोडलं नाही. चौघांनी पाठीवर थाप मारली. अमित्साई म्हणाला, "सर, तुम्ही माणसात आलात आज."

फक्त हन्ना हसला नव्हता. गर्दी पांगल्यावर काठी टेकत पुढे आला. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांचं नाव मी आधी घेतलं होतं, हन्ना. मग खोडलं." त्याने मान हलवली. मग विचारलं, "त्या बाई आता कुठे असतात? बरोबर कोणी आहे का त्यांच्या?" ऐंशी माणसांत हा प्रश्न त्याने एकट्याने विचारला. मी सांगितलं, बर्फात असतात, बहिणीजवळ. तो म्हणाला, "लांब आहे."

ते काय म्हणाले, ते हे. यात मी शब्द घातला नाही, काढला नाही.

आज सकाळपासून मी त्या तीन प्राध्यापकांचे चेहरे आठवतोय. मधल्या गृहस्थांचं पोट सुटलेलं होतं, टेबलावर त्यांचा अर्धा खाल्लेला पाव होता. माणूस वाईट नव्हता. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं, "साहेब, ते माझं जेवण. बाप आला म्हणून लपवलं." त्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं असतं. मग हसले असते, नेखामा. पोट धरून हसले असते. तुला जिन्यावरून आत बोलावून तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली असती, तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास, प्रबंधाचं एक प्रकरण रद्द केलं असतंस, आणि सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे आठच्या तासाला वर्गावर गेली असतीस.

एल्याकीम